मालकी नसलेल्या जमिनीवरचा वारसा

अपोलो-१२ चे यान १९ नोव्हेंबर १९६९ रोजी चंद्रावरच्या ‘वादळांच्या महासागरा’त उतरले, तेव्हा तिथे एक यान आधीपासूनच उभे होते. सर्व्हेयर-३ हे अमेरिकेचेच मानवरहित यान अडीच वर्षांपूर्वी, एप्रिल १९६७ मध्ये, एका विवराच्या उतारावर उतरले होते. अपोलो-१२ त्याच्यापासून सुमारे १६० मीटरवर टेकले. अंतराळवीर पीट कॉनरॅड आणि ॲलन बीन चालत त्याच्यापर्यंत गेले, त्याचा कॅमेरा आणि आणखी काही भाग कापून त्यांनी पृथ्वीवर आणले. प्रयोगशाळेत ते भाग तपासले गेले तेव्हा असे दिसले, की पाहुण्यांनी हात लावण्याआधीच यजमानाला इजा झाली होती. उतरताना इंजिनाच्या झोताने उधळलेली धूळ सर्व्हेयरवर आदळली होती आणि तिने त्याचा पृष्ठभाग खरवडून काढला होता. आडोशाचा भाग गडद राहिला, उघडा भाग फिकट पडला. यानाच्या अंगावर त्याच्याच अवयवांच्या सावल्या कायमच्या छापल्या गेल्या. विशेष म्हणजे सर्व्हेयर विवरात खाली होते. धुळीचा मुख्य लोट त्याच्या डोक्यावरून निघून गेला, असे नंतरच्या अभ्यासकांचे मत आहे. तरीही एवढे झाले.

चंद्रावरच्या जुन्या उतरण्याच्या जागेला माणसाने दिलेली ही पहिली आणि आजवरची एकमेव भेट. भेट देणारे प्रशिक्षित होते, त्याच देशाचे आणि त्याच संस्थेचे होते, त्यांचा हेतू अभ्यासाचा होता. हानी झाली ती उतरण्याच्या क्रियेतच. उद्या हीच भेट एखाद्या खासगी कंपनीच्या यानाने द्यायची म्हटली, तर तिला कोण अडवणार, कोणत्या नियमाने आणि कोणत्या अंतरावर? हे पुस्तक या प्रश्नाभोवती उभे आहे.

मराठी वाचकाच्या मनात इथे एक शंका येणे साहजिक आहे. आपल्या गडांच्या तटांवर नावे कोरणाऱ्यांना आपण आवरू शकलो नाही. मग चंद्रावरच्या पाऊलखुणांची उठाठेव कशाला? शंका रास्त आहे, पण उत्तर तिच्यातच दडलेले आहे. गडांच्या बाबतीत कायदा आला तेव्हा बरेच काही हातचे गेले होते. चंद्रावर अजून वर्दळ सुरू व्हायची आहे. अपोलो-१७ डिसेंबर १९७२ मध्ये परतले, त्यानंतर तिथे एकही माणूस उतरलेला नाही. या सगळ्या स्थळांचे रक्षण आजवर केले ते अंतराने, खर्चाने आणि अवघडपणाने. हे तिन्ही पहारेकरी आता थकत चालले आहेत.

खासगी मोहिमांचा अलीकडचा इतिहास पाहिला की हे पटते. इस्रायलचे बेरेशीट एप्रिल २०१९ मध्ये कोसळले. जपानच्या आयस्पेस कंपनीचे पहिले यान एप्रिल २०२३ मध्ये आणि दुसरे जून २०२५ मध्ये आदळले. अमेरिकेच्या इंट्युइटिव्ह मशीन्सचे ओडिसियस फेब्रुवारी २०२४ मध्ये उतरले, पण कलंडले. त्याच कंपनीचे अथेना मार्च २०२५ मध्ये दक्षिण ध्रुवाजवळ आडवे झाले. त्याच्या काही दिवस आधी, २ मार्च २०२५ रोजी, फायरफ्लाय कंपनीचे ब्लू घोस्ट मात्र नीट उभे राहिले. यातले कोणतेही यान ऐतिहासिक स्थळाकडे निघालेले नव्हते, आणि या कंपन्यांना खलनायक ठरवण्याचे कारणही नाही. ब्लू घोस्टवर तर नासाचे असे कॅमेरे होते, ज्यांनी इंजिनाचा झोत जमिनीशी नेमके काय करतो याची चित्रे टिपली. पण ओडिसियस ठरलेल्या जागेपासून सुमारे दीड किलोमीटरवर टेकले होते, ही बाब लक्षात ठेवावी. स्थळाभोवतीचे अंतर ठरवताना प्रामाणिक चुकीचीही सोय ठेवावी लागते.

ऐतिहासिक स्थळाकडे मुद्दाम जाण्याचा विचारही कोणी केला नव्हता असे नाही. २००७ मध्ये जाहीर झालेल्या गूगल लूनर एक्स प्राइझ स्पर्धेत एकूण ३ कोटी डॉलरची बक्षिसे होती आणि त्यांत अपोलोची जागा जवळून दाखवणाऱ्या संघासाठी वेगळे बक्षीस ठेवले होते. आपल्या बेंगळुरूची टीमइंडसही या स्पर्धेत उतरली होती. बर्लिनच्या एका संघाने अपोलो-१७ च्या जागेजवळ आपल्या गाड्या नेण्याचा बेत जाहीर केला होता. मार्च २०१८ मध्ये स्पर्धेची मुदत संपली, बक्षीस कोणालाच मिळाले नाही. पण ‘आर्मस्ट्राँगच्या पावलांचे थेट प्रक्षेपण’ ही विकता येण्याजोगी वस्तू आहे, हे एव्हाना सगळ्यांना कळले होते.

धुळीचा मुद्दा थोडा उलगडून सांगायला हवा, कारण पुढचे सगळे नियम तिच्यापाशीच येऊन थांबतात. पृथ्वीवर उडालेल्या धुळीला हवा अडवते. चंद्रावर हवा नाही. इंजिनाच्या झोताने उचललेला कण वाटेत कुठेही मंदावत नाही. तो बंदुकीच्या गोळीसारखा सरळ जातो, सेकंदाला शेकडो मीटर वेगाने, आणि कशावर तरी आदळेपर्यंत थांबत नाही. चंद्रधुळीला वाऱ्यापाण्याने घासून गोल केलेले नसल्यामुळे तिचे कण काचेच्या कपच्यांसारखे धारदार असतात. अपोलोचे यान उतरताना काही टनांचे होते. आता ज्या महाकाय यानांची तयारी चालली आहे त्यांचे वजन आणि त्यांच्या झोताचा जोर अपोलोच्या कितीतरी पट असेल.

हवा नसल्याचा दुसरा परिणाम उलट दिशेचा आहे. वारा नाही, पाऊस नाही. म्हणून १९६९ ची पावले अजून आहेत. सूक्ष्म उल्कांचा मारा त्यांना पुसेल, पण त्याला लक्षावधी वर्षे लागतील. २००९ पासून चंद्राभोवती फिरणाऱ्या लूनर रिकॉनिसन्स ऑर्बिटरच्या छायाचित्रांत अपोलोच्या वीरांनी चालून पाडलेल्या पायवाटा काळ्या रेघांसारख्या दिसतात. सोव्हिएत रशियाच्या लुनोखोद-२ या गाडीने १९७३ मध्ये केलेल्या सुमारे ३९ किलोमीटरच्या प्रवासाच्या चाकोऱ्याही दिसतात. निसर्ग ज्या खुणा लाखो वर्षे ठेवील, त्या एका उतरणीत काही सेकंदांत जाऊ शकतात.

तिथे नेमके आहे तरी काय? अपोलो-११ च्या जागेवर नील आर्मस्ट्राँग आणि बझ ऑल्ड्रिन यानाबाहेर जेमतेम अडीच तास होते. आर्मस्ट्राँग सर्वांत लांब गेला तो सुमारे ६० मीटर. एवढ्याशा अंगणात त्यांनी मागे ठेवलेल्या वस्तूंची यादी न्यू मेक्सिको स्टेट विद्यापीठाच्या पुरातत्त्वज्ञ बेथ ओलिअरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली, तेव्हा ती १०६ वर गेली. यानाचा खालचा भाग, कॅमेरे, बूट, हातोडी, नमुने घेण्याची हत्यारे, परतीच्या उड्डाणाच्या झोताने आडवा पडलेला झेंडा, मलमूत्राच्या पिशव्या. सिलिकॉनच्या एका लहानशा तबकडीवर ७३ देशांच्या प्रमुखांचे संदेश कोरलेले आहेत. त्यांत भारताच्या पंतप्रधान इंदिरा गांधींचाही संदेश आहे. अपोलो-१५ च्या जागी मृत अंतराळवीरांच्या स्मरणार्थ ठेवलेली छोटी मूर्ती आहे, अपोलो-१६ च्या जागी चार्ल्स ड्यूकने ठेवलेले स्वतःच्या कुटुंबाचे छायाचित्र.

यातल्या काही वस्तू अजून नोकरीवर आहेत. अपोलो-११, १४ आणि १५ ने मांडलेले लेझर परावर्तक आणि दोन्ही लुनोखोदांवरचे परावर्तक यांवर आजही पृथ्वीवरून किरण सोडले जातात. चंद्र दरवर्षी सुमारे ३.८ सेंटिमीटरने आपल्यापासून दूर जातो आहे, हे त्यांच्यामुळेच इतक्या नेमकेपणाने सांगता येते. या परावर्तकांवर धूळ बसली तर परत येणारा आधीच क्षीण असलेला प्रकाश आणखी घटतो. ज्यांना पाहून नाक मुरडावेसे वाटेल त्या पिशव्यांचेही मोल आहे: अर्धशतकाहून अधिक काळ किरणोत्सर्ग आणि टोकाचे तापमान सोसल्यावर माणसाच्या पोटातल्या जिवाणूंचे काय होते, हे तपासण्याची दुसरी सोय कुठे नाही. म्हणून या जागांना हातच लावू नये, असे कोणी शहाणा अभ्यासक म्हणत नाही. सर्व्हेयरच्या कापून आणलेल्या तुकड्यांनीच आपल्याला धुळीचा धडा दिला. हात कोणी, कधी, कोणत्या नोंदीनंतर लावायचा, एवढाच वाद आहे.

आता कायदा. १९६७ चा बाह्य अवकाश करार हा या विषयाचा पाया. त्याच्या दुसऱ्या कलमानुसार कोणताही देश चंद्रावर मालकी सांगू शकत नाही. आठव्या कलमानुसार अवकाशात पाठवलेली वस्तू कुठेही असली तरी तिची मालकी बदलत नाही. सहाव्या कलमानुसार खासगी कंपनीच्या कृत्याची जबाबदारी तिच्या देशावर येते. नववे कलम एकमेकांच्या हिताची दखल घ्यायला आणि हानिकारक अडथळ्याची शक्यता दिसली तर सल्लामसलत करायला सांगते. ही कलमे एकत्र वाचली की एक विचित्र चित्र उभे राहते. आर्मस्ट्राँगचा बूट अमेरिकेचा आहे. त्या बुटाने उमटवलेले पाऊल कोणाचेच नाही. वस्तूला संरक्षण आहे, जमिनीला नाही. या स्थळांचा आत्मा मात्र जमिनीवरच आहे: पावलांत, चाकोऱ्यांत, वस्तू एकमेकींपासून किती अंतरावर पडल्या आहेत त्या मांडणीत. मांडणी विस्कटलेली जागा पुरातत्त्वज्ञाच्या दृष्टीने अर्धी मेलेली असते.

वस्तूची मालकी किती टिकाऊ असते याचे उदाहरण म्हणजे लुनोखोद-२. डिसेंबर १९९३ मध्ये न्यूयॉर्कच्या सदबीज लिलावात रिचर्ड गॅरियट या संगणकीय खेळांच्या निर्मात्याने ६८,५०० डॉलर मोजून ती गाडी, चंद्रावर उभी आहे तशी, विकत घेतली. म्हणजे चंद्रावरच्या जमिनीचा मालक कोणी होऊ शकत नाही, पण तिच्यावर उभ्या असलेल्या ऐतिहासिक गाडीचा मालक एक खासगी माणूस झाला. २०१० मध्ये कॅलिफोर्निया आणि न्यू मेक्सिको या राज्यांनी अपोलो-११ च्या ‘वस्तू’ आपापल्या ऐतिहासिक नोंदवहीत घेतल्या. जमीन त्यांना घेता आली नाही. घेतली असती तर तो मालकीचा दावा ठरला असता. युनेस्कोचा १९७२ चा जागतिक वारसा करारही इथे लंगडा पडतो, कारण ज्याच्या भूमीवर स्थळ आहे त्या देशानेच नाव सुचवायचे असते. २०२५ मध्ये महाराष्ट्रातले अकरा आणि तमिळनाडूतला जिंजी असे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, ते भारताने सुचवले म्हणून. चंद्रातर्फे असा अर्ज करायला कोणीच अधिकारी नाही.

ही पोकळी भरण्याचे प्रयत्न झाले आहेत, पण त्यांतला प्रत्येक अर्धवट आहे. जुलै २०११ मध्ये नासाने शिफारशी जाहीर केल्या: अपोलो-११ भोवती ७५ मीटर आणि अपोलो-१७ भोवती २२५ मीटर अंतरात कोणी शिरू नये, उतरायचे तर किमान २ किलोमीटर दूर. पण त्या शिफारशीच होत्या. ३१ डिसेंबर २०२० रोजी अमेरिकेत कायदा झाला आणि नासाबरोबर काम करणाऱ्यांना करारातून या शिफारशी लागू करण्याची तरतूद आली. नासाशी ज्याचा काही करार नाही, त्याला तो कायदा बांधत नाही. ऑक्टोबर २०२० च्या आर्टेमिस करारनाम्यात अवकाशातला वारसा जपण्याचे वचन आहे. आजवर पन्नासहून अधिक देशांनी त्यावर सही केली आहे, भारतानेही २१ जून २०२३ रोजी केली. पण ते राजकीय वचन आहे, न्यायालयात नेता येईल असा कायदा नाही, आणि रशिया व चीन त्यात नाहीत. याहून जुनी एक वाट होती. १९७९ च्या चंद्र करारात विशेष वैज्ञानिक महत्त्वाच्या जागा आंतरराष्ट्रीय राखीव क्षेत्रे म्हणून ठरवण्याची कल्पना होती. भारताने त्यावर सही केली, पण तो संमत केला नाही. चंद्रावर जाण्याची ताकद असलेले इतर मोठे देशही दूरच राहिले. जानेवारी २०२५ मध्ये वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने धोक्यातल्या वारसास्थळांच्या यादीत चंद्राचे नाव घातले. त्याने लक्ष वेधले गेले, बंधन आले नाही.

या सगळ्यावरचा सर्वांत गंभीर आक्षेप वाचकाने नजरेआड करू नये. ‘वारसा’ म्हणून आखलेले वर्तुळ ही मागच्या दाराने केलेली जमिनीची बळकावणूक ठरेल का? आज ७५ मीटर, उद्या २ किलोमीटर, परवा एखाद्या बर्फाळ विवराभोवतीचे ‘सुरक्षा क्षेत्र’. ज्यांनी आधी पोहोचून जागा अडवल्या त्यांनीच नियम लिहायचे, आणि उशिरा येणाऱ्यांनी ते पाळायचे, हा अनुभव वसाहतींच्या इतिहासातून आलेल्या देशांना नवा नाही. या आक्षेपाचे निरसन एकाच मार्गाने होऊ शकते: वर्तुळ लहान असावे, त्यामागचे कारण मोजता येणारे असावे, आणि कोणत्याही एका देशाने एकट्याने ते आखू नये.

याचा नमुना पृथ्वीवरच आहे. अंटार्क्टिकावर १९५९ च्या करारानंतर कोणीही नवा मालकी हक्क सांगू शकत नाही, तरी तिथे ऐतिहासिक स्थळांची सर्वसंमत यादी आहे. स्कॉट आणि शॅकल्टन यांच्या झोपड्या त्या यादीत आहेत, आणि ४४ व्या क्रमांकावर आहे दक्षिण गंगोत्रीची पाटी: ९ जानेवारी १९८२ रोजी तिथे पोहोचलेल्या पहिल्या भारतीय पथकाची नावे असलेली. मालकी न सांगता वारसा सांभाळता येतो, हे भारताने स्वतः उपभोगलेले तत्त्व आहे.

म्हणूनच हा विषय आपला आहे, आणि तो केवळ अपोलोपुरता नाही. चांद्रयान-१ वरून सोडलेला, तिरंगा रंगवलेला आघातक १४ नोव्हेंबर २००८ रोजी दक्षिण ध्रुवाजवळ आदळला. ती जागा जवाहर स्थळ. सप्टेंबर २०१९ मध्ये चांद्रयान-२ चे विक्रम हे उतरणारे यान कोसळले. ती तिरंगा पॉइंट. आणि २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चे विक्रम ६९ अंश दक्षिण अक्षांशाच्या थोडे पुढे सुखरूप उतरले, ती शिवशक्ती. मार्च २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेने ‘स्टाटिओ शिवशक्ती’ हे नाव मान्य केले. नाव मिळाले, संरक्षण नाही. तिथे विक्रम उभे आहे, त्याच्यावर नासाने दिलेला छोटा लेझर परावर्तक आहे, आणि शंभर मीटरहून अधिक फिरलेल्या प्रज्ञान या गाडीच्या चाकोऱ्या आहेत. ३ सप्टेंबर २०२३ रोजी विक्रमने इंजिन पुन्हा पेटवून सुमारे ४० सेंटिमीटर उंच उडी घेतली आणि ३० ते ४० सेंटिमीटर बाजूला ते टेकले. ती खूणही तिथेच आहे.

धुळीबाबत तर भारताकडे स्वतःचा पुरावा आहे. चांद्रयान-२ च्या ऑर्बिटरवरील उच्च क्षमतेच्या कॅमेऱ्याने टिपलेली विक्रम उतरण्यापूर्वीची आणि नंतरची चित्रे इस्रोच्या शास्त्रज्ञांनी ताडून पाहिली. यानाभोवती १०८.४ चौरस मीटरचे उजळ वलय दिसले, सुमारे २.०६ टन चंद्रमाती तिथून विस्थापित झाल्याचा त्यांचा अंदाज आहे. एवढ्या हलक्या यानाने, इतक्या अलगद उतरून हे केले असेल, तर त्याच्या कित्येक पट जड यान शेजारी उतरल्यावर प्रज्ञानच्या चाकोऱ्यांचे काय होईल, याचे उत्तर शोधायला फार कल्पनाशक्ती लागत नाही.

या पुस्तकातले लेख वाचताना वाचकाने तीन प्रश्न हाताशी ठेवावेत. पहिला, कोणती जागा वारसा आणि कोणती नुसती मोडतोड? चंद्रावर कोसळलेली याने आणि रॉकेटचे तुकडे विखुरलेले आहेत. सगळेच जपायचे म्हटले तर काहीच जपले जाणार नाही. दुसरा, अंतर कोण मोजणार आणि मोडले तर कोण बोलणार? तिसरा, ज्यांनी चंद्रावर अजून काही पाठवलेले नाही त्या देशांचा यात शब्द काय? संयुक्त राष्ट्रांच्या अवकाशविषयक समितीने २०२४ मध्ये चांद्र मोहिमांच्या सल्लामसलतीसाठी एक कृती गट नेमला. हे प्रश्न मांडायला जागा तीच, आणि वेळ हीच.

माझे स्वतःचे मत झाकून ठेवत नाही. संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रित, हा नियम आपण २०१० पासून कायद्यात ठेवला आहे. पुण्यामुंबईत घर बांधू पाहणाऱ्या कितीतरी लोकांना तो तोंडपाठ आहे. ज्या देशाला हे जमते, त्याने आपल्या तीन चांद्रस्थळांसाठी अंतरे, उड्डाणाची उंची आणि उतरण्याची मर्यादा मोजून प्रसिद्ध करावी. भारतातल्या खासगी कंपनीला अवकाशात जायचे तर इन-स्पेस या सरकारी संस्थेची परवानगी लागते. त्या परवानगीत इतर देशांच्या स्थळांचा मान राखण्याची अट घालावी. रशिया आणि चीन या दोघांशीही बोलू शकणारा देश म्हणून अंटार्क्टिकाच्या धर्तीवरची सामाईक यादी संयुक्त राष्ट्रांपुढे ठेवावी. पुढची खासगी याने तयार होत आहेत, काहींचे प्रक्षेपण ठरलेले आहे. त्यांच्यापैकी एखादे भलत्या जागी उतरल्यावर समिती नेमण्यापेक्षा हे काम आताच करावे, आणि त्यासाठी मराठीतूनही आग्रह धरला जावा, एवढीच वाचकांना विनंती.